विचारलं तर काय सांगायचं

"विचारलं तर काय सांगायचं?"

"मोरीत घसरले."

"आणि?"

"नळ लागला."

"नळ नाही गं. नळ केवढा उंच आहे, हनुवटीला कसा लागेल? मोरीचा कठडा."

"कठडा लागला," त्रिशला म्हणाली.

तिच्या हनुवटीखाली मी ह्यांचा मोठा रुमाल दाबून धरला होता. दोनदा घडी बदलली तरी तो पुन्हा लाल व्हायला लागला होता. आष्ट्याची एसटी उसाच्या ट्रॅक्टरमागं अडकून रांगत होती, आणि मी आठ वर्षांच्या मुलीकडून खोटं पाठ करून घेत होते.

आष्ट्याचे डॉक्टर वयस्कर, मायाळू होते. टाके घालताना त्रिशला रडली नाही. ती कधीच रडायची नाही. मला ते तिचं धाडस वाटायचं.

"कशानं लागलं, बाळ?"

"मोरीत घसरले. कठडा लागला."

"बरं. आणि ही भुवई?"

भुवईचं आम्ही काही ठरवलं नव्हतं. ती खूण सहा महिन्यांपूर्वीची, इस्लामपूरच्या डॉक्टरांनी शिवलेली. त्रिशलानं माझ्याकडं बघितलं.

"सायकलवरनं पडली होती," मी म्हणाले.

त्रिशला जन्मात सायकलवर बसली नव्हती. मीच बसू दिलं नव्हतं.

या गोष्टीला आता पस्तीस वर्षं होतील. आम्ही तेव्हा साखर कारखान्याच्या कॉलनीत राहायचो. माझे मिस्टर, सुकुमार मगदूम, कारखान्याच्या लॅबमध्ये केमिस्ट होते. घरात सासूबाई, ज्यांना आम्ही आत्ती म्हणायचो, आणि धाकटी नणंद शैला.

त्रिशलाला फीट यायच्या. पाच वर्षांची असताना पहिली आली आणि मग येतच राहिल्या, महिन्यातून दोनदा, कधी तीनदा. जवळजवळ नेहमी सकाळीच, झोपेतून उठल्यावर तासाभरात. दात घासत उभी असायची आणि एकदम लाकडासारखी ताठ होऊन कोसळायची. आधी काही कळायचं नाही. मी हाताच्या अंतरावर असले तरी पोचायचे नाही.

मिरजेच्या डॉक्टरांनी नीट समजावून सांगितलं होतं. हा मेंदूचा आजार आहे, अपस्मार म्हणतात, देवाचं, बाहेरचं काही नाही. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी फीट कमी झाल्या, थांबल्या नाहीत. "आली की कुशीवर वळवा," ते म्हणाले होते. "तोंडात काही घालू नका. आसपासचं सामान सरकवा. आणि तिला आवळून धरू नका, नुसतं शेजारी बसा." नुसतं शेजारी बसणं मला कधी जमलं नाही. माझे हात आपोआप तिचे दंड गच्च धरायचे. जणू मी सोडलं तर ती कुठंतरी निघूनच जाईल.

त्या पहिल्या वर्षीच आत्तींनी मला बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात नेलं. भगवंतापुढं माझे दोन्ही हात धरले. "शैलाचं लग्न होईपर्यंत हा शब्द घराबाहेर जायचा नाही, सुलोचना. त्या घरात फेफरं आहे म्हटलं की कोण करंल तिला? तुझ्या पोरीचंही पुढं काय होईल, बघ की." मी शपथ घेतली. त्रिशलालाही सांगायचं नाही, हेही तिथंच ठरलं. पोर आहे, बोलता बोलता बोलून जाईल. मला ते पटलंही होतं. गोळ्या ताकदीच्या आहेत, एवढंच तिला माहीत होतं.

तीन वर्षं मी त्या शपथेत राहिले. घरातल्या टेबलाच्या कोपऱ्यांना चिंध्या बांधल्या. मोरीच्या दाराची कडी काढून टाकली. आंघोळीला बसले तरी दार उघडं ठेवायची, त्रिशला दिसली पाहिजे म्हणून. दोन वर्षांत माहेरी राहायला गेले नाही. भावाच्या लग्नात अक्षता टाकल्या आणि जेवायलाही न थांबता परत आले. क्वार्टरच्या भिंती इतक्या पातळ होत्या की शेजारच्यांची फोडणी कशाची आहे ते वासावरनं कळायचं. म्हणून त्रिशला पडली की शैला पळत जाऊन रेडिओ मोठा करायची. टाके घालायचे तर दर वेळी वेगळ्या गावाला जायचं. कॉलनीचा दवाखाना पाच मिनिटांवर होता. तिथं मी एकदाही गेले नाही.

आणि शैला वाईट नव्हती. त्रिशलाची वेणी तीच घालायची. तिला दोन ठिकाणांहून नकार आला होता, आणि त्या दिवाळीनंतर निपाणीचं स्थळ जमलं. लग्न अक्षय तृतीयेला. हनुवटीचे टाके पडले तेव्हा तीन महिने उरले होते. मी दिवस मोजत होते.

टाके काढून आठवडाही झाला नव्हता, तेव्हा शाळेतून बोलावणं आलं.

शाळा कारखान्याचीच होती. मोठ्या बाईंच्या खोलीत त्या स्वतः, म्हणजे निंबाळकर बाई, आणि त्रिशलाच्या वर्गशिक्षिका शमीम तांबोळी बाई बसल्या होत्या. तांबोळी बाई तिशीच्या, कमी बोलणाऱ्या. त्यांच्यापुढं वहीचा एक कागद होता.

"बसा," निंबाळकर बाई म्हणाल्या. "त्रिशलाला आम्ही बाहेर बसवलंय. शमीम, वाचा."

तांबोळी बाईंनी कागद वाचला नाही, पाठच असावा. "जूनमध्ये ओठ फुटला होता. ऑगस्टमध्ये भुवईला टाके. दिवाळीच्या सुट्टीनंतर हातावर भाजल्याची खूण. संक्रांतीला नाक सुजलेलं. आता हनुवटी. दर वेळी ती एका दमात कारण सांगते, कविता म्हणावी तसं." त्यांनी कागद उलटा ठेवला. "काल कवायतीला बाही वर गेली. दंडावर चार बोटांचे वळ आहेत, मोठ्या माणसाच्या बोटांचे."

माझे हात मांडीवर होते. मी ते पदराखाली घेतले.

"मी तिला जवळ घेऊन विचारलं," तांबोळी बाई म्हणाल्या. "आधी बाही खाली ओढत राहिली. मग म्हणाली, आई मारते."

मला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि खरं सांगते, मला तिचं कौतुक वाटलं. वळ मोरीत घसरून उठत नाहीत हे तिच्या लक्षात आलं असणार. एवढीशी पोर, तिनं घराचा शब्द राखला.

"मगदूम बाई, हे खरं आहे का?" निंबाळकर बाईंनी विचारलं.

खिडकीतून मळीचा वास येत होता. मला वाटलं, सांगून टाकावं. दोन शब्दांचं काम होतं. पण मोठ्या बाईंचे यजमान कारखान्याच्या ऑफिसात, त्यांच्या बहिणीचं घर निपाणीला. संध्याकाळपर्यंत ते दोन शब्द शैलाच्या सासरी पोचले असते.

"होय," मी म्हणाले. "कधीकधी हात उठतो माझा."

तांबोळी बाईंनी मान वर करून माझ्याकडं बघितलं. त्यांना ते उत्तर अपेक्षित नव्हतं, असं वाटलं. निंबाळकर बाई मात्र बराच वेळ बोलत राहिल्या. शिकली-सवरलेली बाई तुम्ही. पुन्हा खूण दिसली तर मगदूम साहेबांना ऑफिसात बोलवावं लागेल, मग पोलीस. मी होय होय म्हणत राहिले. उठताना म्हणाले, "चुकलं माझं."

बाहेर त्रिशला दप्तर मांडीवर घेऊन बसली होती. शाळा ते कॉलनी हा रस्ता उसाच्या गाड्यांचा, सगळीकडं चिपाडं पडलेली. थोडं लांब आल्यावर मी तिच्या केसांवरून हात फिरवला. तिनं खांदे आवळले.

"शहाणी गं माझी ती. पण आई मारते असं कशाला सांगितलंस? दुसरं काहीतरी सांगायचंस. खेळताना कुणी धरलं म्हणायचंस."

"बाई म्हणाल्या, मी कुणाला रागावणार नाही, पण खरं सांग."

"मग?"

"मग सांगितलं."

मी चालायची थांबले. ती दोन पावलं पुढं जाऊन थांबली.

"त्रिशला, मी मारते तुला?"

ती रस्त्याकडं बघत म्हणाली, "रोज नाही."

मागून बैलगाडी आली. मी तिला बाजूला ओढायला हात पुढं केला आणि तसाच मागं घेतला. गाडी गेली.

"कधी मारलं गं मी तुला? सांग बघू. आठवून सांग."

"मला आठवत नाही. मला झोप लागते ना. उठते तेव्हा लागलेलं असतंय, रक्त आलेलं असतंय. आणि तू मला धरून बसलेली असतेस. रडत असतेस." तिनं दप्तराचा पट्टा सारखा केला. "मग तू सांगतेस, विचारलं तर काय सांगायचं."

माझा चेहरा बघून ती घाबरली असावी, कारण घाईघाईनं म्हणाली, "मी कुणाला सांगणार नव्हते, आई. बाईंनी दंड बघितला म्हणून."

रस्त्याकडेला मैलाचा दगड होता, त्याच्यावर मी बसले. तिला समोर उभं केलं, हात न लावता, आणि सगळं सांगितलं. तुला एक आजार आहे. त्याला फीट म्हणतात. ती आली की तू पडतेस, तुझं तुला कळत नाही. गोळ्या त्याच्याच आहेत. मी तुला मारत नाही, मी तुला धरते. ते वळ माझ्याच बोटांचे, पण मारल्याचे नाहीत.

ती फार लक्ष देऊन ऐकत होती. भुवया जवळ घेऊन, ओठ हलवत. एसटीत ऐकायची अगदी तशी.

"फीट येते. मी पडते. आई धरते," ती म्हणाली. "आता बाईंना हे सांगायचं?"

घरी आल्यावर मी स्वयंपाकघरात आत्तींना आणि ह्यांना सगळं सांगितलं. हे ऐकत ऐकत भिंतीला टेकून खाली बसले. आत्तींच्या डोळ्यात पाणी आलं, पण त्यांनी ते पुसलं आणि म्हणाल्या, "अडीच महिने, सुलोचना. फक्त अडीच महिने कळ काढ. लग्न झालं की दवंडी पीट."

"अडीच महिने ती मला घाबरून राहू दे?"

"पोर आहे, विसरंल."

मी ह्यांच्याकडं बघितलं. ते उठले, बाहेरच्या खोलीत जाऊन त्रिशलाजवळ बसले, म्हणाले, "आई सांगते ते खरं आहे, बाळा." तिनं मान हलवली. मिरजेला जाताना शेजाऱ्यांनी कुठं निघालात विचारलं की ह्यांनी लग्नाला म्हणून सांगितलेलं तिनं कितीदा ऐकलं होतं. ह्यांची तरी साक्ष ती कशाला मानेल? आमच्या घरात खरं सांगणारं कुणी उरलंच नव्हतं.

रात्री तिनं अंथरूण आज्जीजवळ घालून मागितलं. सकाळी उठल्यावर ती भिंतीला पाठ लावून बसायची आणि मी कुठं आहे ते बघत राहायची. मी दुधाचा पेला घेऊन जवळ गेले की हात तोंडापुढं जायचा तिचा, नुसता, सवयीनं. तो ह्याआधीही जात असणार. मी कधी बघितलाच नव्हता. सकाळची वेळ धोक्याची, मला तिच्यापासून लांब जाता येत नव्हतं. आणि जवळ जावं तर तिचा श्वास अडकायचा. एका खोलीत आम्ही दोघी, मी दाराशी, ती भिंतीशी. दोन्हीकडून मीच तिची वाट अडवून उभी होते.

तिसऱ्या दिवशी शनिवार होता. शाळेची नोटीस आली, सोमवारपासून शाळा सकाळची, साडेसातला. म्हणजे फीट यायची वेळ आता शाळेत पडणार. आत्ती म्हणाल्या, "लग्न होईपर्यंत शाळेतच धाडू नको." मी मिरजेचे कागद पिशवीत घातले. चपला घातल्या आणि तांबोळी बाईंच्या घरी गेले.

त्या ओट्यावर तांदूळ निवडत बसल्या होत्या. मला बघून उठल्या नाहीत, की बसाही म्हणाल्या नाहीत. मी उभ्यानंच सांगितलं. मिरजेच्या डॉक्टरांचे कागद पिशवीत होते, ते त्यांच्यापुढं ठेवले. त्यांनी एकेक वाचला. मग सरकून जागा केली.

"मग त्या दिवशी होय का म्हणालात?"

"शपथ घेतलीय."

"कुणाची?"

मी सगळं सांगितलं, शैलाचं, निपाणीचं. त्या ताटातल्या तांदळात बोटं फिरवत राहिल्या.

"शाळेत आली तर मी काय करायचं?"

"कुशीवर वळवायचं. आसपासची बाकं सरकवायची. तोंडात काही घालायचं नाही, कांदा-चप्पल हुंगवायची नाही. आवळून धरायचं नाही." बोलताना मी माझ्याच बोटांकडं बघत होते. "दोन-तीन मिनिटांत थांबतंय."

"वर्गात अठ्ठेचाळीस मुलं आहेत, मगदूम बाई. त्यांना आधी सांगितलं नाही तर ती घाबरून पळतील, ओरडतील. आणि नंतर हिच्याशी खेळणार नाहीत. मला वर्गाला सांगावं लागेल. वर्गाला सांगितलं म्हणजे कॉलनीला सांगितलं. चालेल?"

समोरच्या दोरीवर त्यांच्या मुलाचे कपडे वाळत होते. मी ते मोजल्यासारखं बघत राहिले.

"सांगा," मी म्हणाले.

पुढं जे व्हायचं ते झालं, ते आत्ताच सांगून टाकते. निपाणीच्या लोकांनी तीन आठवड्यांत लग्न मोडलं. कारण दुसरंच दिलं, पण आम्हाला कळलं. आत्ती वर्षभर माझ्याशी बोलल्या नाहीत, घरातल्या घरात निरोप शैलाकरवी जायचे. शैला एवढंच म्हणाली, "मला तरी आधी सांगायचं होतंस, वहिनी. माझ्या लग्नासाठी ती मार खाल्ल्यागत जगत होती, ते मला कुठं माहीत होतं?" पण त्यानंतर कितीतरी दिवस ती माझ्या हातचं जेवली नाही. दोन वर्षांनी चिकोडीच्या एका शिक्षकाशी तिचं लग्न झालं. त्यांना पहिल्याच बैठकीत ह्यांनी स्वतः सगळं सांगितलं होतं. त्रिशलाच्या फीट चौदाव्या वर्षी थांबल्या. ती आज बेळगावला असते, बँकेत आहे.

पण ते सगळं नंतरचं. तांबोळी बाईंनी वर्गाला सांगितलं तरी त्रिशलाला ते खरं वाटलं नव्हतं. "बाईंना तूच सांगायला लावलंस ना?" तिनं मला विचारलं होतं. रागानं नाही. आपण दोघींनी मिळून करायची गोष्ट असल्यासारखं.

सकाळची शाळा सुरू होऊन अकरावा दिवस होता. मी भाकरी थापत होते, तेवढ्यात शाळेतल्या मावशी धापा टाकत दारात आल्या. "बाईंनी बोलावलंय. पोरगी पडलीय." पिठाच्या हातानंच मी पळत सुटले. चपला घालायचं सुचलं नाही.

व्हरांड्यात, वर्गाच्या दाराबाहेर, तिला कुशीवर निजवलं होतं. डोक्याखाली कुणाचं तरी दप्तर, त्यावर तांबोळी बाईंची घडी केलेली शाल. बाई शेजारी बसल्या होत्या, हात स्वतःच्या मांडीवर ठेवून. तिला धरलेलं नव्हतं. कपाळाला टेंगूळ आलं होतं आणि ओठातून रक्त येत होतं. मुलं दारात दाटीनं उभी होती, पण कुणी आवाज करत नव्हतं. मी पायऱ्यांपाशी पोचले आणि तिथंच थांबले. पुढं जायची मला भीती वाटली. तिनं डोळे उघडल्यावर पुन्हा माझंच तोंड दिसायला नको होतं.

तेवढ्यात ती हलली. आधी छताकडं बघितलं, मग बाईंकडं. ओठाला हात लावून बोटं बघितली.

"आई कुठाय?"

"ती काय, आत्ता आलीय, पायऱ्यांपाशी," बाई म्हणाल्या.

"आत्ता?"

"आत्ता. तुला फीट आली होती, बाळ. पाढे म्हणता म्हणता बाकावरनं पडलीस. बाकाची कड लागली कपाळाला."

त्रिशलानं मान वळवली. दारातल्या मुलांकडं एकेक करून बघितलं. तिच्याच बाकावर बसणारी, दोन पोनी घातलेली एक मुलगी पुढं होती. तिला तिनं विचारलं, "आई नव्हती?"

"नव्हती की," ती मुलगी म्हणाली. "तू आपली आपण पडलीस. आम्ही सगळ्यांनी बघितलं. आधी ताठ झालीस, मग हात हलत होते."

त्रिशला उठून बसायला लागली. बाईंनी मदत केली नाही, तिला तिचं बसू दिलं. मग ती माझ्याकडं वळली. मी पायरीवर होते, दहा-बारा हातांवर. तिनं माझे पिठानं भरलेले हात बघितले, अनवाणी पाय बघितले. पुन्हा हात.

"तू नव्हतीस," ती म्हणाली.

"नव्हते," मी म्हणाले. "घरी होते."

तिनं फुटलेल्या ओठावरून जीभ फिरवली. मग, आठ वर्षांची मुलगी, सगळ्या वर्गासमोर, तान्ह्या मुलासारखे दोन्ही हात वर करून म्हणाली,

"मग ये की इकडं."